पाहुण्या पुस्तकाला हळदकुंकू

मी लहान मुलांची ख्रिस्ती प्रार्थनांची आणि गीतांची जुनी मराठी पुस्तकं जमवतो. हे वाक्य मी आजवर बऱ्याच ठिकाणी उच्चारलं आहे आणि त्यानंतर दर वेळी सारखीच शांतता पसरली आहे. नाणी जमवणाऱ्याला लोक नाणी दाखवायला सांगतात. काडेपेट्यांवरची चित्रं जमवणाऱ्यालाही निदान एक 'वा' मिळतो. मला विचारतात, "घरी सगळं ठीक आहे ना?"

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा मला जिन्यात गाठलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "काका, राग मानू नका, पण तुम्ही तिकडचे झालात का?"

मी म्हटलं, "नाही. मी इकडचाही फारसा नव्हतो."

त्यांचं समाधान झालं नाही. पण मेंटेनन्स वेळेवर येत असल्यामुळे त्यांनी विषय वाढवला नाही.

सुरुवात कल्याणच्या एका रद्दीच्या दुकानात झाली. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. वागळे इस्टेटमधल्या रंगांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत, माझी तीस वर्षं गेली. कापडाचा रंग धुतल्यावर जातो की राहतो हे तपासायचं, आणि गेला तर तो का गेला याचा अहवाल लिहायचा, हे माझं काम. हा तपशील पुढे माझ्याच विरोधात जाणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

तर त्या दुकानात मी जुना शब्दकोश शोधत होतो आणि हाताला लागलं तळहाताएवढं एक पुस्तक. वेष्टण नव्हतं. आत एक चित्र होतं: एक मुलगा पलंगाशी गुडघे टेकून बसलाय, मागे शेगडी पेटलेली आहे, खिडकीबाहेर बर्फ पडतंय. चित्राखाली प्रार्थना होती. त्यात त्या मुलाने भाकरीबद्दल देवाचे आभार मानले होते आणि आमच्या बैलांना बरं वाटू दे, अशी विनंती केली होती. ज्याच्या खिडकीबाहेर बर्फ पडतंय त्याला बैलांची काळजी लागलेली आहे, हे मला फार आवडलं. चित्राचा ठसा परदेशातून आलेला, शब्द इथल्याच कोणीतरी लिहिलेले, आणि छापखान्यात दोघांची ओळख करून द्यायचं कोणालाच सुचलेलं नाही. मी ते पुस्तक घेतलं आणि शब्दकोश विसरलो.

मग नाद लागला. कपाटाचे दोन कप्पे भरले. या पुस्तकांत जी मजा आहे ती मोठ्यांच्या धर्मग्रंथांत नसते, कारण लहान मुलांशी बोलताना फार भारदस्त होता येत नाही. एका पुस्तकात निजण्यापूर्वी कबूल करायच्या पापांची यादी आहे. तिच्यात बहिणीचा लाडू खाल्ल्याचं पाप खोटं बोलण्याच्या वर आहे. दुसऱ्यात चित्रं इथल्याच माणसाकडून काढून घेतलेली दिसतात. त्या माणसाने मेंढरू पाहिलेलं नसावं, त्यामुळे मेंढपाळ प्रभूच्या खांद्यावर चक्क बोकड आहे, आणि आपल्याला नक्की कुठे नेतायत याची रास्त शंका त्या बोकडाच्या चेहऱ्यावर आहे. गीतं तर ओवीत, साकीत, दिंडीत. त्यामुळे माझी बायको पोळ्या लाटताना ती म्हणते. चाल ओळखीची असली की तिला शब्दांची पंचाईत पडत नाही. देव्हारा तिचा, पुस्तकांचं कपाट माझं, अशी आमची वाटणी आहे, पण गाण्याला हद्द नसते असं तिचं म्हणणं.

ठाण्यात संग्राहकांचं एक मंडळ आहे. त्यांनी मला एकदा बोलायला बोलावलं. संग्राहकांच्या कार्यक्रमात आधी दीपप्रज्वलन होतं, मग सत्कार होतो, मग प्रास्ताविक होतं, आणि ज्याला बोलायला बोलावलेलं असतं त्याला शेवटी 'थोडक्यात आटपा' अशी चिठ्ठी येते. 'दुर्मिळ' हा शब्द त्या संध्याकाळी इतक्या वेळा आला की तेवढीच एक गोष्ट दुर्मिळ राहिली नाही. मला शाल मिळाली. शाल अंगावर पडली की माणसाचा आवाज बदलतो, हे मी इतरांच्या बाबतीत पाहिलं होतं. त्या दिवशी माझाही बदलला. मी 'सांस्कृतिक संचित' असं काहीतरी म्हणालो आणि नमुन्यादाखल जेवणापूर्वीची एक बालप्रार्थना गाऊन दाखवली.

कार्यक्रम संपल्यावर एक बाई माझ्याकडे आल्या. पांढरी सुती साडी, सरळ पाठ, हातात छत्री. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत हे कोणी सांगायची गरज नव्हती.

"तुम्ही चाल चुकवलीत," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कडव्याला वर जायचं असतं. तुम्ही खाली आलात."

मी म्हटलं, "माझ्या प्रतीत चाल दिलेली नाही. ते पानच फाटलंय."

"माझ्या प्रतीत आहे."

सात वर्षं मी ज्या पुस्तकाची अख्खी प्रत शोधत होतो ते ठाण्यातच, चर्चच्या मागच्या गल्लीत, एका लाकडी कपाटात होतं. बाईंनी मला चहाला बोलावलं आणि दाखवलं. वेष्टणासकट. निळ्या कापडी बांधणीत. मी ते हातात घेतलं तेव्हा बाई माझ्या हातांकडे बघत होत्या, पुस्तकाकडे नाही.

पुस्तकाच्या सुरुवातीला एक कोरं पान होतं आणि त्यावर पेन्सिलने लिहिलेली नावं होती. वरून खाली, एकाखाली एक, सगळी लहान मुलांच्या अक्षरात. बाईंनी समजावून सांगितलं. त्यांच्या घरात रीत अशी की मूल वाचायला शिकलं की त्या वर्षीच्या नाताळच्या जेवणाला त्याने या पुस्तकातून प्रार्थना वाचायची, सगळ्यांसमोर, कोणी मदत न करता. वाचली की त्या पानावर स्वतःचं नाव लिहायचं. पहिलं नाव त्यांच्या वडिलांचं. मग आत्याचं. मग बाईंचं, त्याखाली त्यांच्या धाकट्या भावाचं, पुढे मुलांची.

"या नाताळला माझ्या नातीची पाळी आहे," बाई म्हणाल्या. "पहिलीत आहे. शेवटच्या नावाखाली तेवढी एक जागा उरलीय."

मी पानांचे फोटो काढून घेण्यापुरतं पुस्तक मागितलं. त्यांनी बराच विचार केला. आयुष्यभर मुलांना वाचनालयाची पुस्तकं दिलेल्या बाईला पुस्तक बाहेर गेल्यावर त्याचं काय होतं ते माहीत असतं. शेवटी म्हणाल्या, "पंधरा दिवस. आणि दुमडायचं नाही, ओलं बोट लावायचं नाही."

मी म्हटलं, "बाई, माझा जन्म प्रयोगशाळेत गेलाय."

मधे दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे पाटीवर सरस्वती काढतात आणि वह्यापुस्तकांची पूजा होते. मुलं मोठी होऊन आपापल्या घरी गेल्यापासून पूजेला पुस्तकं कमी पडतात, म्हणून बायको माझ्या कपाटातली घेते. मी त्या सकाळी आपट्याची पानं आणायला खाली उतरलो होतो. परत आलो तर पाटावर पाटी, झेंडूची फुलं, माझा शब्दकोश, आणि सगळ्यांच्या मधे बाईंचं निळं पुस्तक, उघडलेलं. पहिल्या पानावर हळदीकुंकवाची ठसठशीत बोटं.

मी हातातली आपट्याची पानं खाली ठेवली. मग म्हणालो, "अगं, हे आपलं नाही."

"माहितीय की," बायको म्हणाली. "म्हणून तर लावलं. तुमच्या त्या दोन कप्प्यांतल्या पुस्तकांना तुम्ही कधी काही लावू देत नाही. पण हे पाहुणं आहे. आलेल्या सवाष्णीला कोणी तसंच पाठवतं का?"

"ते पुस्तक आहे."

"प्रार्थनेचं आहे ना? मग झालं. आणि वर नाही लावलं मी, निळं कापड खराब होईल म्हणून. आत जागा होती तिथे लावलं."

आत जागा होती ती शेवटच्या नावाखाली. म्हणजे नातीची. हळदीचं बोट नेमकं तिथे टेकलं होतं, आणि हळद मिसळलेला कुंकवाचा ओघळ समासातून वर चढून बाईंच्या आणि त्यांच्या भावाच्या नावांवर पसरला होता. पाटावर पुस्तक कलतं ठेवल्याचा परिणाम.

इथे शहाण्या माणसाने पुस्तक मिटून ठाण्याला जायला हवं होतं. पण मी तज्ज्ञ होतो. तज्ज्ञ माणसाला डाग दिसला की त्याला आपला जन्म सार्थकी लागल्यासारखं वाटतं. मी कापूस घेतला, वाटीत कोमट पाणी घेतलं, त्यात साबणाचे दोन थेंब टाकले आणि हलक्या हाताने हळद टिपली.

हळदीला साबण लागला की ती लाल होते. हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे, कारण लग्नातल्या हळदीचे कपडे प्रत्येकीने कधी ना कधी धुतलेले असतात. मला तर ते कारणासह माहीत होतं. मी त्यावर कंपनीत नवशिक्यांचे वर्ग घेतले होते. तरीही पान डोळ्यांसमोर पिवळ्याचं तांबडं झालं आणि मी पाहत राहिलो.

"लिंबू," मी म्हणालो. आम्ल लावलं की हळद परत पिवळी होते. ते खरं आहे. झाली. फक्त आता पान ओलं होतं, आणि टिपायच्या नादात कापसाबरोबर कागदाचा तलम थरही निघून येत होता.

बायको माझ्यामागे उभी राहून बघत होती. हळद, कुंकू, पाणी, लिंबू. ती म्हणाली, "आता चवीपुरतं मीठ घाला."

पान वाळलं तेव्हा पिवळट डाग फिका झाला होता. पण दोन नावं गेली होती. शाई असती तर पसरली असती, पण कागदात मुरून राहिली असती. पेन्सिल कागदाच्या वरवर बसते आणि कागदाबरोबर जाते. बाईंचं नाव गेलं आणि त्याखालचं भावाचं गेलं. दोघांच्या जागी कापसाचे दोन-तीन तंतू चिकटले होते.

पुढचे चार दिवस मी काय सांगायचं याची तयारी केली. 'आर्द्रतेमुळे झालेला क्षय' इथपर्यंत मजल गेली. बायको म्हणाली, "मी येते. मी लावलं, मी सांगते." मी म्हटलं, "तू लावलं ते पुसलं गेलंय. जे गेलं ते मी घालवलंय." आमच्या संसारात मी स्वतःहून कबूल केलेल्या गोष्टी मोजक्या आहेत, त्यामुळे मी एकट्यानेच जावं याला ती लगेच तयार झाली.

ठाण्याला बाईंनी दार उघडलं, मला बसवलं, पुस्तक हातात घेतलं आणि पहिलं पान उघडलं. तयारी केलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. हळदकुंकवाशी पोचलो तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. साबणाशी पोचलो तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"तुम्ही रंगांच्या कंपनीत होतात," त्या म्हणाल्या.

"हो."

"तीस वर्षं."

"हो."

त्यांनी चष्मा परत लावला. "तुमच्या मिसेसने लावलं त्याचं मला काही नाही. त्यांनी मान दिला. तुम्ही शहाणपणा केलात."

मी म्हटलं, "बाई, मला क्षमा करा."

"क्षमा करायला मला सांगितलेलंच आहे. पण घाई करायला कुठे सांगितलेलं नाही."

मग त्या उठल्या, टेबलाच्या खणातून पेन्सिल काढली, तिला टोक केलं आणि वडिलांच्या आणि आत्याच्या नावाखाली, खरखरीत झालेल्या कागदावर, स्वतःचं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर लांब धरून पाहिलं. "सहाव्या वर्षी यापेक्षा बरं होतं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "खालचंही तुम्हीच लिहा ना. तुम्हाला तर माहितीय."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मनातल्या मनात बाकावर उभा राहिलो. "दुसऱ्याचं नाव आपण लिहायचं? ज्याने वाचलं त्याने लिहायचं, ही रीत. माझा भाऊ कल्याणजवळ, मोहन्याला असतो. गुडघ्यांमुळे त्याला इथे येणं होत नाही. तुम्ही जा. त्याच्याकडून लिहून आणा. नाताळाआधी. माझ्या नातीने वर मोकळी जागा पाहिली तर ती विचारणार, आणि मला खोटं बोलता येत नाही."

त्यांनी पुस्तक परत माझ्याच हातात दिलं, याचं मला आश्चर्य वाटलं. सोबत कापडी पिशवी दिली, पिशवीत प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात वर्तमानपत्र आणि त्यात पुस्तक. पेन्सिलही दिली. बहुधा माझ्या पेन्सिलवर विश्वास नसावा.

मोहन्याला भाऊ शोधायला वेळ लागला नाही. जुन्या रेयॉन कारखान्यातून निवृत्त झालेले, सगळे ओळखतात. सत्तरी ओलांडलेला गोलमटोल माणूस, पायाला गरम पाण्याची पिशवी बांधून पलंगावर बसला होता.

"ताईने पाठवलंय?" ते म्हणाले. "मग आधी चहा घ्या. तिचा निरोप रिकाम्या पोटी झेपत नाही."

मी चहा घेतला आणि पुस्तक उघडून दाखवलं. कसं झालं तेही सांगितलं. ते हसत हसत ऐकत होते. लिंबाशी आलो तेव्हा त्यांना ठसका लागला. मग त्यांची नजर मोकळ्या जागेवर गेली आणि हसू ओसरलं.

"गेलं का माझं नाव?" ते म्हणाले. "बरं झालं."

मी पेन्सिल पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही.

"एक सांगतो. साठाच्या वर वर्षं झाली, कुणाला बोललो नाही. मी ते वाचलंच नव्हतं हो. मला वाचताच येत नव्हतं. ताईचं ऐकून ऐकून सगळं पाठ होतं. पुस्तक धरलं, ओळींवरून बोट फिरवलं आणि घडाघडा म्हटलं. वडिलांनी मला खांद्यावर घेतलं. मग नाव लिहायला सांगितलं. तेवढं येत होतं." ते पानाकडे बघत होते. "खाली माझ्या पोरांची नावं आहेत. ती खरी आहेत. मी समोर बसून ऐकलंय. दर नाताळला ते पान उघडायचं आणि मी पाणी आणायला उठायचो."

मी म्हटलं, "आता तर तुम्हाला वाचता येतं. लिहून टाका."

"आता कसं लिहू? वाचल्याशिवाय?"

आणि त्यांनी चष्मा मागितला. तो उशाखाली होता. मी प्रार्थनेचं पान काढून दिलं. त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी धरलं आणि वाचायला सुरुवात केली. रोज वर्तमानपत्र वाचणारा माणूस, पण आवाज एकदम लहान झाला. प्रत्येक शब्दाकडे नीट बघत, जीभ पुढे धावली की तिला मागे ओढत, ते वाचत होते. पाठ असलेलं वाचणं किती अवघड असतं ते मी तेव्हा पाहिलं. एका ठिकाणी ते अडले. पुढचा शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी कप तोंडाला लावला, त्यात चहा नव्हता. पुढे पुन्हा एकदा अडले, मागे जाऊन ओळ पहिल्यापासून घेतली, आणि शेवटच्या आमेनपर्यंत आले.

"एवढीशीच आहे हो," ते म्हणाले. "तेव्हा केवढी वाटली होती."

मग त्यांनी नाव लिहिलं. बाईंच्या नावाखाली, जागा सोडली होती तिथे. निघताना मला म्हणाले, "ताईला सांगणार?"

"त्यांनी विचारलं नाही तर नाही."

"ती विचारणार," ते म्हणाले आणि पायावरची पिशवी सरळ केली.

दोन दिवसांनी मी ठाण्याला गेलो. बाईंनी वर्तमानपत्र सोडलं, घडी करून बाजूला ठेवलं, पान उघडलं आणि वही तपासावी तसं ते नाव तपासलं. आतल्या खोलीत नात मोठ्याने काहीतरी वाचत होती, अक्षराला अक्षर जोडून.

"नाव लिहिण्याआधी त्याने वाचून दाखवलं का?" बाईंनी विचारलं.

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"अडखळला?"

मला वाटलं, भावाची बाजू राखावी. पण त्या खोलीत खोटं बोलायचं म्हणजे साबण लावण्यासारखंच होतं. "दोनदा," मी म्हटलं.

बाईंनी मान हलवली. चेहऱ्यावर जे आलं त्याला मी समाधान म्हणेन, पण मुख्याध्यापिकेचं समाधान ओळखण्यात माझी चूक होऊ शकते.

"मग वाचलं," त्या म्हणाल्या. "त्या वेळी एकदाही अडखळला नव्हता."

आत नात एका जोडाक्षराशी थांबली होती. बराच वेळ काही आवाज आला नाही. मी दाराकडे पाहिलं. बाईंनी हाताने मला गप्प बसायला सांगितलं आणि आम्ही दोघंही थांबून राहिलो.